निरोप देऊन झाल्यावर

सन्मती मगदूम डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात सांगलीतल्या आपल्याच घरात राहून अमेरिकेत राहायला गेली. यात तिचा काही दोष नव्हता. निरोप दिलेलं माणूस घरात उरत नाही, आणि तिला निरोप देऊन झाला होता.

ही घाई झाली कुसुमआत्याच्या गुडघ्यांपायी. निपाणीच्या या आत्याचं ऑपरेशन पावसाळ्यात ठरलं होतं. ऑगस्टात पोरगी निघेल तेव्हा तिला काही येता येणार नाही, आत्ता आलीच आहे तर उरकून घेऊ, असं सन्मतीची आई पद्मजाताई म्हणाल्या. तिकडच्या कॉलेजात घेतलं की नाही, हा निकाल अजून लागायचा होता. पण पुण्याचे अर्ज भरून देणारे सर 'आलंच समजा' म्हणाले होते, आणि पद्मजाताईंनी समजून टाकलं. एकदा समजून टाकलं की ब्रह्मदेव आला तरी बाई ऐकायच्या नाहीत.

मग काय, औक्षण झालं, ओटी भरली, हातावर दही-साखर ठेवली. आत्या रडली. वडील बाहुबली मगदूम, टाइल्सचं दुकान चालवणारा धिप्पाड माणूस, तेही काळा चष्मा लावून रडले. सन्मती "येते" म्हणाली, फाटकापर्यंत गेली, सगळ्यांनी हात हलवले. पुढं जायला काही नव्हतं म्हणून ती परत आली आणि खोलीत अभ्यासाला बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निकाल आला. हो नाही, नाही पण नाही. तुमचा अर्ज पुढं ढकलला आहे, मार्चमध्ये पुन्हा पाहू. सन्मतीचं तोंड एवढंसं झालं. ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "आई, त्यांनी लटकवून ठेवलंय."

पद्मजाताईंनी पोहे परतायचे थांबवले, कान टवकारले आणि जरा ओरडूनच विचारलं, "हॅलो? सनू? आवाज तुटतोय गं. तिकडं जेवलीस का?"

"मी इथं आहे. तुझ्यासमोर."

"हो ना, पण तिकडं थंडी फार असेल."

त्या दिवसापासून सन्मतीचं बोलणं घरात उशिरा पोचू लागलं. ती जेवताना मीठ मागायची आणि भांडी घासून झाल्यावर पद्मजाताई मिठाचा डबा घेऊन हॉलमध्ये उभ्या राहायच्या, कुणी मागितलं होतं ते आठवत. टीव्हीखाली सन्मतीचा दहावीचा फोटो होता. आई तो पदरानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "लेकरू किती लांब गेलं." लेकरू तिथंच सोफ्यावर पाय घेऊन बसलेलं असायचं. ती उठून आईच्या खांद्यावर हात ठेवायची. पद्मजाताई खिडकी लावून घ्यायच्या, वारं येतंय म्हणून.

पप्पांचं प्रेम निराळं. ते रोज सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरायचे, डब्याला चिकटपट्टीचे वेढे मारायचे आणि कुरियरवाल्याला बोलवायचे. सन्मतीची खोली हॉलला लागून. पण डबा मुंबईमार्गे जायचा आणि तिच्या दारात येईतो भाकरीचा पापड झालेला असायचा. सन्मती तो पाण्यात बुडवून खायची. खाताना तिला रडू यायचं, कारण चटणी बरोबर घरच्या चवीची होती.

खोलीत वेळ वेगळी चालू झाली होती. हॉलमध्ये सकाळ असली की आत संध्याकाळ. उंबरा ओलांडताना स्वेटर घालावा लागे. हे सगळं एक वेळ चाललं असतं, माणसाला कशाचीही सवय होते. पण कपाट उघडलं की आता कपडे दिसत नव्हते. तिथं एक लांबलचक व्हरांडा होता, आणि व्हरांड्याच्या तोंडाशी टेबल टाकून एक बाई बसली होती. कॉलेजची बाई. ती मराठीच बोलायची, बँकेच्या काउंटरवर बोलतात तसं.

"मी आत येऊ का?" सन्मतीनं पहिल्या दिवशी विचारलं.

"तुम्हाला घेतलेलं नाही."

"मग घरी जाऊ?"

"तुम्हाला नाकारलेलंही नाही," बाई म्हणाली. "तिथंच थांबा."

तिथंच म्हणजे खोलीत. आणि खोली घटायला लागली होती. हॉलचं दार आणि कपाटाचं दार रोज थोडंथोडं जवळ येत होतं. आधी टेबल गेलं. मग पलंग उभा करावा लागला. एक दिवस पप्पा मोजपट्टी घेऊन आले, पोरगी नाही तोवर फरशी बदलून घेऊ म्हणून. सन्मतीच्या पावलांवरून पट्टी ताणून त्यांनी माप घेतलं.

"पद्मा, खोली आटतेय बघ," ते दाराकडं तोंड करून म्हणाले. "टाइल्स कमी लागतील."

"पप्पा, मी कुठं जाऊ?" सन्मती म्हणाली. तिचा आवाज बाहेर पोचला तेव्हा पप्पा दुकानात होते. म्हणे, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ते उगीचच घराच्या दिशेनं बघत राहिले.

ही खोली मार्चपर्यंत टिकत नाही, हे तिला कळून चुकलं. दोन्ही दारं एकमेकांना चिकटायच्या आत घराकडं निघाली नाही, तर कपाटात शिरावं लागणार. आणि तिथंही कुणी घेत नव्हतं! ना धड इकडं, ना धड तिकडं. सतरा वर्षांच्या पोरीच्या डोक्याला केवढा हा ताप.

"तुम्ही एक करू शकता," कपाटातली बाई एकदा आपण होऊन म्हणाली. "तुम्हाला अजूनही आमच्याकडंच यायचंय, हे लिहून द्या. का यायचंय, तेही."

सन्मती उभ्या पलंगाला टेकून लिहायला बसली. कॉलेज नावाजलेलं आहे, हे सरांचं कारण होतं. आत्याच्या दिराचा मुलगा जिथं आहे त्याच्यापेक्षा वरचं आहे, हे आत्याचं. एवढं कर बाळा, मग सुटलीस, हे आईचं. स्वतःचं एकही कारण तिला सापडेना. तिनं उशीखाली पाहिलं, दप्तर उलटं केलं, खरंच शोधलं. नव्हतंच.

तिला स्वतःला आवडत होतं ते पाणी. महापुरात कृष्णा पप्पांच्या दुकानात शिरली, तेव्हा सगळे माल हलवत होते आणि ही पोरगी माडीवरून बघत होती, पाणी कुठल्या गल्लीत आधी शिरतं आणि कुठल्या गल्लीला वळसा घालतं. तेव्हापासून तेच वेड. अर्जात तिनं ते लिहिलंही होतं. सरांनी ते काढून तिथं 'नेतृत्वगुण' घातले होते.

तिनं कपाट उघडलं. आता दोन दारांमध्ये ती कशीबशी अंग चोरून उभी राहत होती, पाठीला हॉलची कडी टोचत होती.

"तुमच्याकडं नदी आहे का?"

"तळं आहे," बाई म्हणाली. "शोभेचं. तळाला सिमेंट आहे."

"मी नाही आले तर?"

"तर नाही आलात."

"पण मी शब्द दिलाय. घेतलंत तर दुसरीकडं जाणार नाही म्हणून सही केलीय. आई-पप्पांनी पण केलीय."

"घेतलं असतं तर यावंच लागलं असतं," बाई म्हणाली. "आम्ही घेतलं नाही. त्या दिवशीच तुम्ही शब्दातून सुटलात."

"सुटले म्हणजे?"

"म्हणजे मोकळ्या. कुठंही जा."

सन्मतीला आधी काही समजलं नाही. मग तिच्या पोटातून हसू वर आलं, थांबेचना. अरे देवा! आठवडाभर ती ज्या गोष्टीसाठी रडत होती ती तिची सुटका होती. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं बाईला दोन्ही हातांनी नमस्कार केला. बाईनं तिसरीकडं बघत पुढचा कागद घेतला. सन्मतीनं कपाट लावलं आणि पुन्हा उघडलं, तर आत तिचे कुडते टांगलेले होते, इस्त्री मोडलेले.

दारंही बसण्यापुरती मागं सरली होती. मग तिनं मांडीवर लॅपटॉप घेऊन नवे अर्ज लिहिले. एक डोंगरातल्या नदीकाठचं कॉलेज, एक दूर देशातलं, जिथं नदी दर काही वर्षांनी पात्र बदलते. सरांनी ही नावं कधी तोंडातून काढली नव्हती. कुठं घेतील, कुठं नाही, कोण जाणे. नेतृत्वगुण तिनं काढून टाकले. मजा आली लिहायला.

राहता राहिलं घर. हॉलमध्ये ती अजून आवाजच होती, तोही तुटणारा. निरोप दिलेलं माणूस आतल्या खोलीतून परत येत नसतं, ते बाहेरून येतं. एवढी साधी गोष्ट, पण इतके दिवस सुचली नव्हती. सन्मती खिडकीतून अंगणात उतरली, घराला वळसा घालून फाटकाबाहेर गेली, फाटक वाजवून आत आली आणि बेल दाबली.

दार पद्मजाताईंनी उघडलं. त्यांच्या हाताला कणीक लागली होती.

"अगं बाई! सनू! कळवायचं तरी!"

"आई, ऐकू येतंय?"

"ओरडतेस काय, बहिरी आहे का मी? थांब, तिथंच थांब, आत पाऊल टाकू नकोस."

त्या धावत आत गेल्या, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. रडत, हसत, नाक ओढत त्यांनी तुकडा लेकीवरून ओवाळून लांब टाकला. गालाला कणीक लावली. वाळलीस म्हणाल्या. मग अगदी हळू, उत्तराची भीती वाटावी तसं विचारलं, "किती दिवस आहेस?"

"अजून काहीच ठरलं नाही," सन्मती म्हणाली. हे वाक्य इतकं गोड लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

पद्मजाताईंनी तांब्या तिरका केला. पाणी सन्मतीच्या पायांवरून पायरीवर आलं, पायरीवरून अंगणात. तांब्या संपला नाही. त्या ओतत राहिल्या. पाणी जास्वंदीच्या आळ्याला वळसा घालून फाटकाखालून रस्त्यावर गेलं. रस्त्याचा उतार डावीकडं होता. पाणी उजवीकडं वळलं आणि चढायला लागलं.

"आई, हे कुठं चाललंय?"

"मला काय माहीत? तू आधी आत ये."

"बघून आलेच."

सन्मती फाटकाबाहेर पडली होती, ओल्या पावलांनी, पाण्याच्या कडेकडेनं.

"अगं, चप्पल तरी घाल!" पद्मजाताई मागून ओरडल्या, आणि त्यांनी तांब्या आणखी जरा तिरका केला.