पुन्हा तपासलेल्या नळ्या

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती राखीव जागेवर लागली, आणि ही बातमी तिच्या आधीच तिथं पोचली होती. लांबू नावानं ओळखला जाणारा सहकारी तर पहिल्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते. घरी बसलाय. आता अन्याय कुणावर झाला, तूच सांग."

"त्याला शिकवणी होती ना?"

"होती. पण अभ्यास तर त्यानंच केला!"

ते वाक्य तिला दिवसभर खुपत राहिलं.

तेव्हापासून तिचे कान टवकारलेलेच. ती आत आली की बोलणं थांबतंय असं वाटे. कुणी कौतुक केलं तरी त्यात टोमणा शोधावा, अशी तऱ्हा. त्यातच तिच्या लक्षात आलं, की तिनं तपासून ठेवलेल्या रक्ताच्या नळ्या नंतर स्टँडच्या भलत्याच खाचांत असतात. कुणीतरी त्या हलवत होतं. आपल्याला अडकवायचा डाव तर नाही? संशय अर्थातच लांबूवर.

एकदा जेवणाच्या सुट्टीतून ती मुद्दाम लवकर परतली. यंत्रापाशी दादा उभे होते. तिथले सगळ्यांत जुने, तिला मायेनं 'पोरी' म्हणणारे. हातात तिचीच नळी, पुन्हा तपासायला घेतलेली.

"दादा, तुम्ही? लांबूच्याही तपासता का अशा?"

"नाही."

"मग माझ्याच का?"

दादांनी आधी दार लोटून घेतलं. "त्याची चूक त्याच्या एकट्याची असते, पोरी. तुझी झाली तर म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो. आणि त्यात मग मीही आलो. मीही असाच लागलोय. इथं कुणाला माहीत नाही."

तिनं त्यांच्या हातातली नळी काढून घेतली. मग म्हणाली, "सापडली कधी चूक?"

"नाही."

"मग बंद करा हे."

"भीती जात नाही गं."

त्याच दुपारी लांबूनं राखीव जागांवरून एक विनोद केला. सगळे हसले. दादा सगळ्यांत मोठ्यानं हसले. तिनं रोखून पाहिलं, तेव्हा ते चष्मा पुसू लागले.

दुसऱ्या दिवसापासून ती जेवायला जाताना आपल्या नमुन्यांच्या कपाटाला कुलूप लावू लागली. किल्ली लांबूनं मागितली, तिनं दिली नाही. दादांनी मागितली, तरीही नाही.