बाईच्या नावाचा डबा

मी पत्र्याचा डबा बोलतोय. जरा सावकाश बोलेन. झाकण गंजलंय, आणि घाई मला कधीच जमली नाही. माझ्या अंगावर पुष्कळ काही छापलेलं होतं, पण ते मला वाचता येत नाही. मी शिकलेला नाही. दुकानदाराच्या तोंडून जे ऐकलं तेवढं मात्र पक्कं ध्यानात आहे.

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी शेटचं औषधांचं दुकान होतं. चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तिथं शिवराम आला. अंबरनाथच्या कारखान्यात कामाला, राहायला विठ्ठलवाडीच्या चाळीत. त्याची बायको द्रौपदी पहिलटकरीण. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, अंगात रक्त नाही, ताकदीचं काहीतरी सुरू करा.

"साईं, बायकोला द्यायला चांगलंसं काहीतरी द्या."

शेटनं मला खाली काढलं, फडक्यानं पुसलं. "ये ले भाऊ, ताकद की पावडर. बायकांसाठीच आहे. दूध में दोन चमचे, सकाळ-शाम. लेकिन घरवालीलाच दे हां. तू मत पी जाना!"

शिवराम हसला. शेट हसला नाही. त्याला गिऱ्हाइकं ठाऊक होती.

घरात शिवरामची आई होती, गयाबाई. तिनं मला हातात घेतलं, वजन बघितलं आणि थेट वरच्या फळीवर, पितळी डब्यांच्या मागं सारलं.

"आत्या, दोन चमचे म्हनले ते," द्रौपदी म्हणाली.

"गप ऱ्हा. तुला काय म्हाईत? पोर पोटात फुगलं म्हंजी अडतं. माझी विठा तशीच गेली. सासरच्यांनी खाऊ घातलं, खाऊ घातलं, अन् पोर अडलं. मला दुसरी विठा नगं."

विठा म्हणजे गयाबाईची लेक. बाळंतपणात गेली होती. म्हातारी वाईट नव्हती हो. मला त्याचाच जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता येतं. मायेनं उपाशी ठेवणाऱ्या माणसाशी कसं भांडणार? तेही पत्र्याच्या डब्यानं?

आणि पावडर वाया घालवायची नाही, हाही तिचाच नेम. शिवराम पाळीवरून आला की ती स्टुलावर चढायची, मला उतरवायची आणि त्याच्या दुधात दोन चमचे ढवळायची. "कमावत्या अंगाला लागतं, बाबा." तो मिशीवरचा फेस पुसत विचारायचा, "द्रौपदी पिते ना?" "पिते की." द्रौपदी तिथंच भाकरी थापत असायची. मान वर करायची नाही.

दुपारी सासूचा डोळा लागला की ती कोपऱ्यातल्या भिंतीचा पोपडा काढायची आणि चघळत बसायची. अंग लोह मागत होतं, ते ती मातीत शोधत होती. वर मी भरलेला, आणि खाली ती भिंत खातेय! माझ्या बुडाला जीभ असती तर चाळ जागी केली असती.

बाळ अडलं नाही. मुठीएवढं होतं, चटकन आलं. वेणू. पण द्रौपदीचं रक्त थांबेना, आणि मुळात होतं तरी किती? कारखान्यातल्या चार जणांनी धावत जाऊन रक्त दिलं म्हणून ती वाचली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सांगितलेलं दिलं नाहीत का? शिवराम ताठ मानेनं म्हणाला, "डबा आणला होता की. संपलासुद्धा."

"संपवला कोणी?"

हे सगळं मला मागाहून, घरातल्या बोलण्यातून कळलं. मी बघितलं ते एवढंच: शिवराम घरी आला, फळीवरून मला उतरवलं, झाकण उघडून बुडाकडे बघत राहिला.

"आये, ह्यो समदा मीच प्यालो व्हय?"

"तुझंच अंग वाळलं हुतं," गयाबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून कोपऱ्यात जाऊन बसली.

मला वाटलं, आता शहाणे होतील.

पाचवीच्या दिवशी बदलापूर गावाहून द्रौपदीची आई कमळाबाई आली. तिनं डिंकाचे लाडू आणले होते. खारीक, खोबरं, अळीव, सगळं घातलेलं. मला धुऊन, उन्हात वाळवून तिनं गळ्यापर्यंत भरलं. "हे बाळंतिणीचे," सगळ्यांच्या देखत म्हणाली. इतका मानाचा मी कधी नव्हतो.

पण आपल्याकडं बाळ बघायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. शेजारची बनूबाई आली, एक लाडू खाल्ला. "डिंक जरा कच्चा ऱ्हायलाय गं, पन खोबरं झकास!" असं म्हणून दुसरा घरच्यांसाठी पदरात बांधला. मग शिवरामचे मित्र, त्यांच्या बायका, कोण कुठली लांबची आत्तेबहीण. आणि झाकण कोण उघडायचं? द्रौपदीच! पोर छातीशी, चेहरा पिठासारखा पांढरा, आणि तोंडानं, "घ्या की मावशी, अजून एक."

कुणालाही वाटलं नाही की आपण एका बाईचं दूध खातोय. तिच्या वाट्याला चुरा आला. तो तिनं माझ्यात बोट फिरवून खाल्ला.

पुढं बरीच वर्षं माझ्यात हिंग, सुईदोरा, तुटकी बटणं असलं काहीबाही होतं. वेणू मोठी झाली. ती वयात आली त्या वर्षी शाळेत मालिनीताई नावाच्या नर्सनं मुलींना लाल गोळ्या दिल्या, लोहाच्या. द्रौपदीनं बटणं काढून त्या माझ्यात ठेवल्या. मी मनात म्हटलं, चला, आता तरी!

दोन दिवसांत वेणू कुरकुरली. "मम्मी, मळमळतं. आणि शी काळी होते."

"बघ!" गयाबाई म्हणाली. ती आता पार वाकली होती. "आतून काळं हुतंय म्हंजी भाइरूनबी हुईल. उद्या उजवायची हाय पोरीला."

द्रौपदी मरणाच्या दारातून आलेली बाई. तिनं तरी ऐकायला नको होतं. पण ऐकलं. फुकटची झाली तरी औषधाची गोळी फेकवेना, आणि बनूबाईनं सांगितलं होतं की कढीपत्त्याला लोह लागतं. दाराशी तेलाच्या डब्यात कढीपत्ता होता. रोज सकाळी एक गोळी त्याच्या मुळाशी जायची.

काय फोफावला तो! हिरवागार, चकचकीत. चाळभरच्या बायका मूठमूठ पानं न्यायच्या. "द्रौपदे, काय घालतीस गं ह्याला?" ही लाजून हसायची. मला तिथं उचलून कुणी गटारात फेकलं असतं तर बरं वाटलं असतं.

एक दिवस नळावरून हंडा आणताना वेणू दारातच कोसळली. हंडा एकीकडे, ती एकीकडे. मालिनीताईंना बोलावलं. त्यांनी वेणूचे डोळे बघितले.

"गोळ्या खाते ना ही?"

द्रौपदी आडवा पडलेला हंडा उचलू लागली. वेणूच पडल्या पडल्या म्हणाली, "मी नाय. झाड खातंय."

मालिनीताई आधी समजल्याच नाहीत. मग दाराकडं बघितलं. ओरडल्या नाहीत. द्रौपदीला म्हणाल्या, "इकडं या. तुमचे डोळे बघू." बाळंतपणानंतर तिचे डोळे कुणीच बघितले नव्हते. मग गयाबाईचे. तिघींच्याही पापण्या आतून कागदासारख्या.

"म्हणजे ह्या घरात रक्त आहे ते फक्त कढीपत्त्यात," त्या म्हणाल्या. "वेणूला लाल, तुम्हाला लाल, आजींनाही लाल. जेवणाबरोबर, लिंबूपाण्यानं. चहाबरोबर नाही. आणि शी काळी होते ती लोहाची, तिला भ्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार. शिवराम पाटावर बसला, हात धुऊन. बोंबलाचा रस्सा उतरवलेला. द्रौपदीनं मला आणून ताटाशेजारी ठेवलं आणि त्याला वाढायला हात लावला नाही.

"काय झालं?" शिवराम.

"थांबा. आज आधी आमी जेवनार."

तो तोंड उघडणार होता. मग माझ्याकडं बघितलं आणि पाट मागं सरकवला. द्रौपदीनं तिघींची ताटं वाढून घेतली. वेणूनं दोन घासांनंतर नाक दाबून गोळी गिळली. द्रौपदीनं गिळली. गयाबाईनं मात्र आपली गोळी हळूच वेणूच्या ताटात सरकवली. "माझं काय आता. पोरीला दे."

"तिची तिला मिळाली. ही तुमची. तोंड उघडा, आत्या."

"अगं पन त्यो उपाशी बसलाय—"

"बसू दे."

गयाबाईनं लेकाकडं बघितलं. शिवरामनं मान खाली घातली, लिंबूपाण्याचा पेला उचलला आणि आईपुढं धरला. म्हातारीनं तोंड उघडलं. रस्सा निवत होता, आणि त्याला वाढायला कुणी उठलं नाही.

आता माझं बूड चाळणीसारखं झालंय, गोळ्या पाकिटासकट ठेवाव्या लागतात. थोड्या दिवसांत भंगारवाला नेईल, त्याचं दुःख नाही. पण तुमच्याही घरात कुणा बाईच्या नावाचा असा एखादा डबा असेल. तो कोण संपवतंय ते बघा. आणि ती "मी नंतर घेते" म्हणाली, तर हातातलं ताट खाली ठेवा आणि तिनं घेतल्याशिवाय जेवू नका. त्या "नंतर"वर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही.