मिशाळांतला शेवटचा

बायको गेली तेव्हा तिच्या काचेच्या टाकीत मिशाळ माशांचं अख्खं टोळकं होतं. बोटाच्या दोन पेरांएवढे, ठिपकेदार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर तळाच्या वाळूत मिशा खुपसून काहीबाही शोधत फिरायचे. मधूनच एखादा सुसाट वर जाऊन हवेचा घोट घ्यायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात खाली यायचा.

तिचा नवरा निवृत्त वायरमन. माशांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण ती करायची तसंच तो करत राहिला. थोडं थोडं पाणी बदलायचं, तळाला जाणाऱ्या खाद्याच्या गोळ्या टाकायच्या.

मासे म्हातारे होते. एकेक करून गेले. शेवटी एकच उरला आणि त्याने फिल्टरमागचा कोपरा धरला. गोळी पुढ्यात पडली तरी ढुंकून बघेना. वायरमन टाकीशी खुर्ची ओढून जेवायला बसू लागला.

"खा रे बाबा. मी जेवतोय ना?"

मासा हलला नाही. तेव्हा तो मासेवाल्या दुकानदाराकडे गेला.

"आजारी नाही हो तो," दुकानदार म्हणाला. "ही जात घोळक्यात राहणारी. एकटा पडला की असा दबून बसतो. आणखी पाच-सहा न्या."

"जगतात किती?"

"नीट ठेवले तर दहा वर्षं सहज."

वायरमन हसला. "माझी तेवढी गॅरंटी कोण देणार?" पाण्याची बादली उचलताना आताच त्याची कंबर धरायची.

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मोठी टाकी होती. तिची वायरिंग त्यानेच केली होती. तिथे हेच मासे होते.

"काका, दात दुखतोय?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"दात कसले, कवळी आहे. मासा आणलाय."

तो त्यांच्या टाकीत सोडायला डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. माशाची पिशवी टाकीत तरंगत ठेवून, त्याला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून वायरमन तिच्यात चमच्याचमच्याने टाकीतलं पाणी घालत राहिला. घाई कसलीच नव्हती. सोडल्यावर मासा तळाशी निपचित पडला. मग दोघे-तिघे मिशाळ फिरत फिरत जवळ आले, त्याला घासून पुढे गेले, आणि तो उठून त्यांच्या मागे निघाला. बघता बघता कोण कुठला कळेना.

घरी फिल्टर चालूच राहिला होता. त्याने बटणाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. आवाज तेवढा असू दे.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दवाखान्यात गेला.

"तो बघा तुमचा," मुलगी काचेवर बोट ठेवून म्हणाली. "छान खातो हं आता!"

सगळे सारखेच दिसत होते. "हो, हो, तोच," वायरमन म्हणाला.

शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "तुमचा नंबर आहे का?"

"नाही हो. तुम्ही जा," तो म्हणाला आणि बसून राहिला.