न्यायला कोण येणार?

ठमीने त्या आठवड्यात जेवढ्या थापा मारल्या, तेवढ्या तिने शाळेच्या अख्ख्या वर्षांत मारल्या नव्हत्या. त्यातली सर्वांत मोठी थाप डॉक्टरांच्या नावावर होती. "डॉक्टर म्हणाले, बाळाला चार मुलांत राहायची सवय लावा, पाळणाघरात घाला," असं तिने आईला सांगून टाकलं. डॉक्टर बिचारे असलं काहीच बोलले नव्हते. त्यांनी ढब्बूचं वजन केलं, कानांत डोकावलं, पुढच्या लशीची तारीख सांगितली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

"दहा महिन्यांचं पोर ते," आई म्हणाल्या. "चार मुलांत जाऊन काय करणार? भाषण?"

ठमीच्या आईला सगळे बाई म्हणत. निवृत्त होईपर्यंत बालवाडीत शिकवण्यात त्यांनी उभा जन्म काढला होता. ठमीला सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून ती रांगत होती तेव्हापासूनच त्या तिला कडेवर घेऊन वर्गावर जात. पोरगी बोलायला लागली तेव्हा त्यांनी एकच नियम घातला, वर्गात मला आई म्हणायचं नाही, बाकीच्यांना त्यांच्या आया आठवतात. तेव्हापासून ठमी त्यांना बाईच म्हणायची, घरीसुद्धा. बाई म्हणून अगं-तुगं करायची. पाहुणे गोंधळत, पण या मायलेकींना त्यात काही वावगं वाटत नसे.

आता ठमी चांगली बाप्यामाणसाच्या तोडीची कमावती बाई होती. एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवायचा, रंग जुळवायचा, वरचा जबडा खालच्यावर नीट टेकतो की नाही ते पाहायचं. लहानपणी एकदा बसली की जागची हलत नसे म्हणून तिचं नाव ठमी पडलं, आणि लॅबमध्ये या बैठकीचंच कौतुक होतं. बाळंतपणाची वाढवलेली रजा रविवारी संपत होती. मालकांचे फोन सुरू झाले होते. "लवकर या हो. म्हातारी माणसं तोंडावर रुमाल धरून दारात उभी राहतायत."

नवऱ्याला पाळणाघराचं हे खूळ अजिबात समजत नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हा त्याचा रोजचा धंदा, पण स्वतःची बायको कशात अडकलीय याचा त्याला पत्ता नव्हता. "घरात बाईंसारखं माणूस असताना आपण पोर परक्याच्या दारात ठेवायचं? लोक तोंडात शेण घालतील," तो म्हणायचा. बाई समोर असल्या की हे जरा मोठ्यानेच म्हणायचा. बाई काही बोलत नसत. आणि ठमीला नेमकं तेच सोसत नसे.

कारण खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी एक अवघड काम निघालं म्हणून मालकांनी तिला दोन तासांसाठी बोलावलं. ढब्बूला बाईंवर सोपवून ती गेली. परत येताना कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानात तिला बाई दिसल्या. निवांत उभ्या होत्या. रंगीत खडूंच्या दोन पेट्या समोर उघडून त्यातला कुठला तुटलाय ते बघत होत्या.

"बाई, तू इथे? बाळ कुठंय?"

बाईंनी वर पाहिलं. चेहरा अगदी शांत होता. "कुणाचं?" त्या म्हणाल्या.

क्षणभरच. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि त्या घाईघाईने म्हणाल्या, "अगं, झोपलंय ते. म्हटलं, पटकन जाऊन येते." पण तोवर ठमी पळत सुटली होती. दाराला बाहेरून कडी होती. आत ढब्बू पाळण्याचे गज धरून उभा होता. रडून रडून त्याचा आवाज गेला होता आणि नुसत्या उचक्या येत होत्या. तिने त्याला छातीशी धरलं तरी कितीतरी वेळ त्या थांबल्या नाहीत. मागून बाई आल्या, खडूंची पेटी घेऊन. पेटी त्यांनी टेबलावर ठेवली, ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "भूक लागली असेल गं त्याला." ठमीने मूग गिळले. काय बोलणार? ज्या बाईने तिला एक दिवससुद्धा दुसऱ्याच्या दारात ठेवलं नाही, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुझ्या हातात माझं मूल देववत नाही?

तेव्हापासून ती काही ना काही निमित्त काढून घरातच थांबत होती. आंघोळीलाही दार उघडं ठेवून जात होती. आणि बाईंची नजर चुकवत होती, जणू खडू आणायला तीच गेली होती.

पाळणाघर बघायला जायचं ठरलं तेव्हा बाईंनी चपला घातल्या. "मी येते," त्या म्हणाल्या. "तुला दातांतलं कळतं, पोरांतलं नाही." त्यांना नको म्हणायला ठमीला तोंडच नव्हतं.

पहिलं पाळणाघर म्हणजे झकपक प्रकरण होतं. भिंतींवर जिराफ, जमिनीवर मऊ रबर, आणि आईला ऑफिसात बसून फोनवर बाळ बघता यावं म्हणून कोपऱ्या-कोपऱ्यांत कॅमेरे. दाखवणारी मुलगी कॅमेऱ्यांबद्दल इतकं बोलली की शेवटी बाईंनी विचारलं, "नाक पुसतो का तो?" मुलीला कळलं नाही. "कॅमेरा गं. नाक पुसतो का?" बाहेर आल्यावर बाईंनी निकाल दिला. "सगळी खेळणी वरच्या फळीवर. पोरांसाठी नाही ती, आयांसाठी आहेत."

दुसरं एका बाईच्या राहत्या घरात होतं. ती दारातच इतक्या लाडाने बोलली की ठमी विरघळली. ढब्बूला तिने कडेवर घेतलं, सोन्या म्हटलं, राजा म्हटलं. आत पडदे ओढलेले, अंधार, आणि गादीवर ओळीने पोरं झोपलेली. भर सकाळी. एकाचाही पाय हलत नव्हता.

"किती गुणी आहेत ना," ती पाळणाघरवाली कुजबुजली.

बाईंनी एकेका पोरावर नजर फिरवली. मग वाकून एकाच्या तळव्याला गुदगुली केली. पोर ढिम्म. बाईंनी ढब्बूला तिच्या कडेवरून सरळ ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागल्या. रस्त्यावर येईपर्यंत थांबल्या नाहीत.

"इतकी पोरं एका वेळी कधी झोपत नाहीत," त्या म्हणाल्या.  "आपण होऊन नाही. काहीतरी पाजते ती. आजच तक्रार करायला सांग जावयांना."

 ठमीने तर मनातल्या मनात तिथेच होकार देऊन टाकला होता. बाई नसत्या तर सोमवारी ती आपल्या हाताने ढब्बूला त्या अंधारात ठेवून कवळ्या करायला गेली असती. ज्या आईच्या हाती पोर द्यायला ती घाबरत होती, तिनेच आज त्याला वाचवलं होतं. आता तिच्यापुढे मान कशी वर करायची?

बसथांब्यावर दोघी बसल्या. ढब्बू बाईंच्या मांडीवर बसून त्यांचा चष्मा ओढत होता. बाई त्याला तो ओढू देत होत्या.

"एवढं सगळं बघितल्यावर," बाई सावकाश म्हणाल्या, "मी काय इतकी वाईट आहे का गं?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे ठमीला माहीत होतं. उत्तर काय द्यायचं तेही तिने रात्र-रात्र घोकलं होतं, की बाई, त्या दिवशी तू त्याला विसरलीस. एवढंच. पण तोंडातून आलं ते भलतंच. "तसं नाही गं. डॉक्टर म्हणाले ना."

"हं," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले." आणि ढब्बूच्या मुठीतून चष्मा सोडवून घेऊ लागल्या.

ठमीला स्वतःची इतकी किळस आली की बस आली तेव्हा ढब्बूला घेऊन ती आधी चढून गेली आणि बाई मागून पिशवी सांभाळत चढल्या.

तिसरं पाळणाघर बघायची ठमीला आता इच्छाच उरली नव्हती. पण पत्ता हातात होता आणि बाई हटून बसल्या. ते घराच्या मागच्याच रस्त्यावर, तळमजल्यावर होतं. दार उघडलं तेव्हा आत असा कालवा चालला होता की बोलणं ऐकू येईना. एक पोर डब्यावर डबा आपटत होतं, दुसरं टेबलाखाली बसून गंभीरपणे चपला चाटत होतं, आणि जिला सगळी ताई म्हणत ती चाळिशीची बाई मांडीवरच्या पोराला भरवत होती. ती उठली नाही. "बसा," म्हणाली. "याचे चार घास राहिलेत. ते झाल्याशिवाय मला हलता येत नाही. आणि ती चप्पल काढून घ्या जरा त्याच्या तोंडातून."

बाईंनी चप्पल काढून घेतली. मग ठमीने जे पाहिलं ते तिने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. बाई तिथेच फतकल मारून बसल्या आणि टेबलाखाली वाकून त्या पोराशी बोलायला लागल्या. थोड्या वेळाने डबे आपटणारं पोरही तिथे आलं. बाईंनी त्या आपटण्यावर ताल धरला. ढब्बू खाली सुटला आणि रांगत सरळ त्यांच्यात जाऊन बसला. आईकडे त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग बाईंनी उलटतपासणी घेतली. पोर रडायला लागलं तर काय करता? चावलं तर? खायचं नाकारलं तर? ताईने प्रत्येक वेळी आधी विचार केला आणि मग सांगितलं, आणि दोनदा तर "अजून मलाही नीट जमत नाही ते" असं म्हणाली. बाईंच्या चढलेल्या भुवया हळूहळू खाली आल्या. "ही चालेल," त्या ठमीला म्हणाल्या, ताईच्या देखतच. "हिच्याकडे ठेव."

ठमीने सुटकेचा श्वास सोडला. झालं एकदाचं. न बोलता निभावलं.

"मग एकच विचारते," ताईने मांडीवरच्या पोराचं तोंड पुसत म्हटलं. "न्यायला कोण येणार? ठरलेल्या माणसाशिवाय मी कुणाच्या हातात मूल देत नाही. मामा आला, काका आला, तरी नाही. म्हणून आधीच सांगा."

"मी. नाहीतर याचे बाबा."

"आणि आजी," ताई हसून म्हणाली. "आजी तर काय, एवढ्या जवळ राहतात."

 हो म्हटलं तर कधीतरी कुठल्यातरी दुपारी बाई येऊन त्याला घेऊन जातील, आणि वाटेत खडूंचं दुकान लागेल. नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागेल. टेबलाखाली ढब्बू खिदळत होता. ठमीने खाली मान घातली आणि तिला सवयीने आणखी एक थाप सुचली.

"आजींचे गुडघे दुखतात," ती म्हणाली. "त्यांना कशाला त्रास..."

"गुडघे ठणठणीत आहेत माझे," बाई म्हणाल्या.

त्या जमिनीवरून उठल्या, कुणाचा हात न धरता. कपडे झटकले आणि ताईसमोर येऊन उभ्या राहिल्या. वर्गात नवीन मुलाच्या आईशी बोलताना असायचा तसाच त्यांचा आवाज होता, स्वच्छ आणि जरा चढा.

"ऐक गं. आजी एकटी आली तर पोर तिच्या हातात द्यायचं नाही. ती गोड बोलेल. चिडेलही. मी जन्मभर पोरं सांभाळली आहेत म्हणून सांगेल, आणि ते खरंच आहे. तरी द्यायचं नाही."

ताईचा हात थांबला. "मग काय करू, आजी?"

"मला आत घे. पोरांत बसव, पाणी दे. आणि हिला फोन लाव. म्हणावं, तुमची दोघंही इथे आहेत, न्यायला या."

कुणी हसलं नाही. ठमीच्या छातीवरची शिळा उतरली आणि किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मग त्या हलकेपणाचीच तिला एवढी लाज वाटली की धरणीने पोटात घ्यावं. आई स्वतःला पोरांच्या ओळीत बसवत होती, आणि लेकीला सुटल्यासारखं वाटत होतं.

ताईने बाईंकडे पाहिलं, मग ठमीकडे. "मुलाची आई तुम्ही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं करीन."

बाईही तिच्याकडेच बघत होत्या. "काहीतरीच काय बोलतेस, बाई," हे वाक्य ठमीच्या ओठांवर तयार होतं. म्हटलं असतं तर सगळे हसले असते, वेळ निभावून गेली असती, आणि घरी जाऊन पुन्हा डॉक्टरांचं नाव सांगत बसता आलं असतं.

"हो," ठमी म्हणाली. "आजी एकट्या आल्या तर त्याला देऊ नका. त्यांना बसवून ठेवा आणि मला फोन करा."  ती तिथेच, त्या कालव्यात, पोरासारखी भोकाड पसरून रडायला लागली. डबेवालं पोर आपटायचं थांबून तिच्याकडे बघत राहिलं.

बाईंनी तिचे डोळे पुसले नाहीत. वर्गात कुणी रडलं की त्या आधी पोटभर रडून घेऊ देत असत. आताही त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. हुंदके जरा ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "एवढं बोलायला तीन पाळणाघरं हिंडवलंस मला."