भोपळ्याचं हृदय उत्तम

येरवड्यातल्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी नऊलाच खुर्च्या संपल्या. उशिरा आलेली माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, काहींनी जेवणाच्या टेबलांवर बैठक मारली, आणि चपलांचा ढीग दारातून पायरीपर्यंत उतरला. व्यासपीठावर, जिथे एरवी नवरानवरीच्या खुर्च्या असतात, तिथे एक मोठा टीव्ही आणि तांब्याच्या पत्र्याने मढवलेला एक डबा ठेवला होता. शेजारी पांढऱ्या कोटातले दिग्विजय सर उभे होते. त्यांना ‘सर’ म्हणायचं, ‘बाबा’ म्हणायचं नाही, असं स्वयंसेवक दारातच बजावत होते.

“मी चमत्कार करत नाही,” सर माइकवर म्हणाले. “चमत्कारवाल्यांचा मला संताप येतो. इथे उदबत्ती नाही, नारळ नाही, अंगारा नाही. इथे आहे क्वांटम. तुमच्या पेशीपेशीतून बायो-स्पंदन निघतं. आमचं देहदर्शी यंत्र ते पकडतं, डिजिटल करतं आणि तुमच्यासमोर ठेवतं. सुई नाही, रक्त नाही, एक्स-रे नाही. परदेशात यावर पुस्तकंच्या पुस्तकं निघाली आहेत.”

ती कोणत्या परदेशात निघाली हे सरांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

पहिला नंबर लोणी काळभोरच्या मालनबाईंचा होता. सरांनी त्यांना डोळे मिटून बसवलं आणि त्यांच्या हातात तांब्याची पट्टी गुंडाळलेली एक मूठ दिली. डब्यातून एक लांब शिट्टी वाजली, मग दोन आखूड. पडदा लाल झाला, हिरवा झाला, निळा झाला, पांढरा झाला. मालनबाईंच्या हातातली मूठ आपोआप थरथरू लागली, पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा नाचल्या, आणि शेवटी एक यादी उमटली. हृदय, फुप्फुस, मेंदू, यकृत, उजवी बाजू, सगळ्यांसमोर हिरव्या अक्षरांत ‘पास’. डाव्या बाजूसमोर मात्र लाल ‘फेल’.

“डावा गुडघा?” सर हळूच म्हणाले.

“आगं बया,” मालनबाई म्हणाल्या. “डावाच की.”

सभागृहात टाळ्या पडल्या. सत्तरीच्या शेतकरी बाईला डावा गुडघा दुखतो का असं विचारावं आणि तिने नाही म्हणावं, असं आजवर कुठे घडल्याचं ऐकिवात नाही. पण टाळ्या पडल्या. मालनबाईंच्या डाव्या मनगटात तांब्याचं स्पंदन-कडं चढलं आणि पुढचा नंबर आला. त्याचाही डावा खांदा निघाला. त्याच्यामागच्या बाईंची डावी कंबर निघाली.

तिसऱ्या रांगेत बसलेली चैताली हे सगळं कपाळाला आठी घालून बघत होती. शेजारी तिचे वडील भीमराव ताठ बसले होते, डाव्या मनगटात कडं घालून. ते कडं आठवड्यापूर्वी याच सभागृहात चढलं होतं आणि त्याच दिवशी त्यांनी शुक्रवारची अँजिओग्राफी रद्द केली होती. जिना चढताना छाती आवळते, डावा हात जड होतो, म्हणून डॉक्टरांनी ती तातडीने करायला सांगितली होती. देहदर्शीने मात्र त्यांच्या हृदयाला ‘पास’ दिलं होतं.

चैतालीला रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. भीमराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले आणि त्या पाळलेले गृहस्थ. शेजाऱ्याने दाराला लिंबू-मिरची टांगली तर त्याला दारात उभं करून अर्धा तास सुनावणारे. उभ्या आयुष्यात त्यांनी कुठला गंडा बांधला नाही, आणि आता उतारवयात तांब्याचं कडं.

“हा बाबा नाही,” ते आठवडाभर घरात सांगत होते. “हे मशीन आहे. मशीनला जात नाही, धर्म नाही, ते कोणाला प्रसाद मागत नाही. तू यंत्रांतलीच आहेस ना? मग एकदा येऊन बघ. तुला पटलं नाही तर मी मुकाट्याने अँजिओग्राफी करतो.”

म्हणून ती आली होती. आईने सांगितलेली भाजी सकाळीच मंडईतून घेतली होती, ती पिशवी पायाशी होती. चैतालीचं तपकीर गल्लीत दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्हीला जोडून पोरं ज्यावर मोटारी पळवतात ते खेळाचे कन्सोल ती दुरुस्त करायची, आणि त्याआधी आठ वर्षं तिने एका सर्व्हिस सेंटरमध्ये तेच काम केलं होतं.

चौथा माणूस बसला. एक लांब शिट्टी, मग दोन आखूड. चैतालीने मान वर केली. हे तिने कुठेतरी ऐकलं होतं, आणि एकदा नव्हे.

“आता लाल,” ती स्वतःशीच पुटपुटली. पडदा लाल झाला. “हिरवा. निळा. पांढरा. आता डावीकडची मोटर घुमेल, जड आवाजात. मग उजवी, बारीक.”

सगळं तसंच झालं. पलीकडच्या खुर्चीवरच्या द्वारकाबाईंनी, ज्यांना ती ओळखतही नव्हती, पदर सावरला आणि हात जोडले.

“तुम्हाला आधीच दिसतं का हो?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“दिसत नाही. पाठ आहे.”

“तेच म्हणते मी,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि आणखी जवळ सरकल्या.

फळ्यावर एक सूचना होती: ज्या रुग्णांना येणं शक्य नाही, त्यांची तपासणी त्यांच्या वापरातल्या कापडावरून होईल. चैताली पिशवी घेऊन हात धुवायच्या जागेकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ओढणीत बांधलेलं एक गोल गाठोडं होतं.

“कोणाचं?” सरांनी विचारलं.

“आमच्याकडे आज सकाळीच आलेत. चालता येत नाही. बोलणंही नाही.”

“पॅरालिसिस,” सर सभागृहाकडे बघून म्हणाले. गाठोडं खुर्चीवर बसलं, मूठ त्याच्यावर बांधली गेली. शिट्ट्या झाल्या, रंग झाले, मूठ थरथरली, आणि तिच्याच थरथरण्याने पडद्यावरच्या रेघा जोरात नाचल्या. सरांनी डोळे बारीक केले.

“हृदय उत्तम. फुप्फुसं उत्तम. डाव्या बाजूला ऊर्जा अडकली आहे. मनात फार साठवून ठेवायची सवय. लहानपणचा आघात आहे काहीतरी. आणि गोड कमी करायला सांगा.”

चैतालीने गाठ सोडली. ओढणीतून पाच किलोचा लाल भोपळा बाहेर आला.

सभागृहात मागून हशा उसळला. पण सर कसलेले होते. हात उंचावून ते हसले. “वनस्पतीला प्राण असतो, हे जगाला कोणी शिकवलं? आपण शिकवलं. म्हणजे यंत्र किती सूक्ष्म आहे बघा. भोपळ्याचीसुद्धा वेदना पकडतं.”

आणि पुढच्या दोन रांगांनी चक्क माना डोलावल्या. एकाने टाळी वाजवली. चैतालीला त्या टाळीची भोपळ्याच्या फजितीपेक्षा जास्त लाज वाटली.

“भोपळ्याला गुडघा कुठला हाय?” मालनबाईंनी खुर्चीतूनच विचारलं.

“पण चैताली,” भीमराव उठून उभे राहिले, “माणूस खोटं बोलेल. मशीन कसं खोटं बोलेल?”

“मशीन खोटं बोलतच नाहीये, पप्पा. ते खरं बोलतंय. फक्त स्वतःबद्दल बोलतंय.”

ती टीव्हीकडे वळली तसे दोन स्वयंसेवक धावले. “मॅडम, हात लावू नका, सात हजार व्होल्ट आहे त्यात,” सर ओरडले. तेवढ्यात द्वारकाबाई पदर खोचून मध्ये आडव्या उभ्या राहिल्या. “खबरदार. बाईंना आधीच दिसतं सगळं. बोलू द्या त्यांना.” स्वयंसेवक थबकले. अंधश्रद्धेचा असा उपयोग चैतालीला नको होता, पण तो क्षण भांडायचा नव्हता.

टीव्हीच्या डाव्या कडेला पुठ्ठ्याची एक पट्टी चिकटवली होती. हृदय, फुप्फुस, यकृत ही सगळी नावं त्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेली होती. चैतालीने ती टर्रकन ओढून काढली. खाली यंत्राची मूळ यादी होती. हृदयाच्या जागी ‘फॅन’ होता, फुप्फुसाच्या जागी ‘पॉवर’, मेंदूच्या जागी ‘मेमरी’, यकृताच्या जागी ‘डिस्क’. आणि जिच्यामुळे अख्ख्या येरवड्याची डावी बाजू दुखत होती, त्या ओळीवर लिहिलं होतं ‘लेफ्ट स्टिक’.

मग तिने तांब्याचा पत्रा उचलला. आत, वरचं झाकण काढलेला, एक जुना गेमिंग कन्सोल घरघरत होता.

“हे पोरांचं खेळणं आहे,” ती म्हणाली. “आणि आत चाललंय ते कारखान्यातलं तपासणीचं सॉफ्टवेअर. कन्सोल विकण्याआधी किंवा दुरुस्त झाल्यावर त्याचा पंखा फिरतो का, पडद्यावर सगळे रंग उमटतात का, हातातला रिमोट, म्हणजे ही मूठ, थरथरतो का, हे त्याने बघायचं असतं. ते दुकानात मिळत नाही, सर्व्हिस सेंटरमध्ये असतं. आठ वर्षं मी रोज चाळीस वेळा हीच टेस्ट लावली आहे. पोरं खेळताना डाव्या अंगठ्याने माणूस पळवतात, म्हणून रिमोटवरची डावी स्टिक आधी झिजते. तुमच्यातलं कोणीही आजारी असो नसो, ती फेलच येणार.”

“ही बाई कोणीतरी पाठवलेली आहे,” सर म्हणाले.

“सर,” भीमराव शांतपणे म्हणाले, “आता तुम्ही धरा मूठ.”

“माझी ऊर्जा यंत्राला झेपणार नाही.”

“मग मी धरतो.” भीमराव व्यासपीठाच्या चार पायऱ्या चढले आणि खुर्चीत बसले. खिशातलं पेन काढून त्यांनी मुलीच्या हातात दिलं. तिची नजर उघड्या पंख्यावर होती; तिला काय करायचं आहे ते त्यांना कळलं होतं.

शिट्ट्या झाल्या. चैतालीने पेन पंख्याच्या पात्यांत घातलं. घरघर थांबली आणि जिथे मघापर्यंत हृदय होतं तिथे लाल ‘फेल’ उमटलं. पेन काढून पुन्हा टेस्ट लावली, हिरवं ‘पास’. पुन्हा पेन घातलं, पुन्हा ‘फेल’. पाच मिनिटांत भीमरावांचं हृदय दोनदा बंद पडलं, आणि ते खुर्चीत बसून बघत होते. आता कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्यांदा पेन काढून टेस्ट लावली तेव्हा चैतालीने वडिलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता आणि उजव्या हाताने त्यांनी डावा दंड घट्ट धरला होता. चार पायऱ्या त्यांना जड गेल्या होत्या. त्यांच्या डोक्यामागे पडद्यावर हिरवी अक्षरं चमकत होती, पास, पास, पास. तिला त्या हिरव्या रंगाची कधी नव्हे इतकी चीड आली.

“रिक्षा बघा कोणीतरी,” ती म्हणाली.

मालनबाईंचा पुतण्या धावला. सर तोवर मागच्या दाराने गेले होते, यंत्र तिथेच टाकून.

दुपारीच अँजिओग्राफी झाली. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या, एक तर केसाएवढी उघडी. त्यात स्टेंट बसले. आणखी एक रविवार कड्यावर काढला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टर पूर्णिमा यांनी चैतालीला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. चैतालीची आई हिराबाई बाकावर बसून रडल्या आणि मग त्यांनी भोपळा कुठे आहे असं विचारलं. तो सभागृहातच राहिला होता. चैतालीने तेव्हाच फोन करून पोलिसांत रीतसर तक्रार दिली. दिग्विजय सर दोन दिवसांनी सापडले. ते एकेकाळी कुठल्याशा सर्व्हिस सेंटरच्या गोदामात कामाला होते आणि मोडीत निघालेला तो कन्सोल त्यांनी तिथूनच आणला होता.

तिसऱ्या दिवशी भीमराव उशीला टेकून बसले होते. डाव्या मनगटावर कड्याचा हिरवट डाग अजून होता. डॉक्टर पूर्णिमा आल्या तेव्हा त्यांनी बोटाला लावलेला चिमटा वर करून दाखवला.

“डॉक्टर, राग मानू नका. हे नक्की कोणाचं तपासतं?”

डॉक्टरांना राग आला नाही. त्यांनी चिमटा काढला, पडद्यावरची रेघ सपाट झाली आणि यंत्र ओरडू लागलं. मग त्यांनी तो स्वतःच्या बोटाला लावला. आकडा बदलला, ठोकेही बदलले. “हे माझे,” त्या म्हणाल्या, आणि चिमटा परत भीमरावांच्या बोटाला लावला. “हे तुमचे. आणखी काही विचारायचंय?”

“नाही. आता बरं वाटलं.”

त्याच संध्याकाळी द्वारकाबाई शहाळं घेऊन भेटायला आल्या. भीमरावांची चौकशी झाली न झाली, तोच त्यांनी चैतालीला कोपऱ्यात घेतलं आणि आपल्या मुलीचं, मैत्रीचं, लग्न कधी जमेल असं विचारलं.

“मला काय ठाऊक? मी कन्सोल दुरुस्त करते, द्वारकाबाई.”

“पण त्या दिवशी रंग बरोबर सांगितलेत.”

चैतालीने कपाळावर हात मारून घेतला. भीमराव मात्र हसले नाहीत. त्यांनी द्वारकाबाईंना खुर्चीवर बसायला सांगितलं.

“बाई, मी आयुष्यभर देवळाबाहेरचे भोंदू ओळखले, आणि पांढरा कोट बघून फसलो. कारण मशीनला प्रश्न विचारायचा असतो हेच मी विसरलो. तुम्ही विसरू नका. कोणीही काही दाखवलं, तर विचारा, हे कोणाचं तपासता? ते काढलं तर काय होतं? दुसऱ्याला लावलं तर काय होतं? सांगणारा बाबा असो, सर असो, माझी मुलगी असो, ज्याला हे विचारल्यावर राग येतो त्याच्यासमोरून सरळ उठून यायचं.”

द्वारकाबाईंनी ते तिन्ही प्रश्न बोटांवर मोजले. मग त्या चैतालीकडे वळल्या.

“मग सांगा,” त्या जरा घुश्शातच म्हणाल्या, “तुम्हाला ते रंग आधी कसे कळले?”

चैताली रागावली नाही. स्टूल ओढून ती त्यांच्यासमोर बसली आणि पहिल्या शिट्टीपासून सांगायला लागली.