एका रस्त्याला रान व्हायचंय

मित्रांनो, जगातले झाडून सगळे रस्ते कोणीतरी यावं म्हणून वाट बघत पडलेले असतात. मी मात्र तुम्ही येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलो आहे. रागावू नका. मी लाकडांच्या ट्रकांसाठी केलेला एक जुना रस्ता आहे. दूर उत्तरेकडे, क्री आदिवासींच्या बर्फाळ मुलखात, स्प्रूस नावाच्या सुईसारख्या पानांच्या झाडांच्या काळ्या रानातून मी थेट पांढऱ्या माशांच्या तळ्यापर्यंत जातो. म्हणजे, जात होतो.

माझा जन्म बुलडोझरच्या पोटी झाला. माझ्या पाठीवरून लाकडांचे ट्रक धडधडत जायचे. ड्रायव्हर म्हणायचे, "रस्ता असावा तर असा!" मग मी असा फुगायचो, की दोन्ही कडेचे चर बुजायचे. एका उन्हाळ्यात माझ्या खड्ड्यात एवढं पाणी साठलं, की त्यात मासे झाले आणि एक ट्रकवाला जेवता जेवता तिथेच गळ टाकून बसला. खोटं वाटत असेल तर त्या माशांना विचारा.

माझ्यावर सर्वांत जास्त जीव म्हाताऱ्या एझ्राचा. या रानाची राखण त्याच्या घराण्याकडे होती. इथे काय तोडायचं, काय ठेवायचं, हे त्याला विचारल्याशिवाय ठरत नसे. तळ्याकाठी त्याची शिकारीची झोपडी होती. गुडघे कुरकुरू लागल्यापासून तो बर्फगाडीवर बसून माझ्यावरून भुर्रकन तिथे जायचा. सशांसाठी फास लावायला जातो, असं सांगायचा. खरा जायचा तो कॅरिबू बघायला.

कॅरिबू म्हणजे रुंद खुरांचं, राखाडी, लाजाळू हरीण. तुमच्या मसाल्यातल्या दगडफुलाचं एक फिकट भावंड इथे जुन्या झाडांखाली उगवतं. थंडीभर हे हरीण त्याच्यावरच जगतं. झाडं तोडली की ते जातं, आणि पुन्हा यायला माणसाचा जन्म लागतो. त्या कळपात फाटक्या कानाची एक मादी होती. एझ्रा तिला 'मावशी' म्हणायचा. उन्हाळा लागला की ती तळ्यातल्या बेटावर व्यायची. त्या वर्षीच्या पिल्लाचं नाव त्याने 'नकट्या' ठेवलं होतं. बॅनक भाकरी खाता खाता तो दुरूनच त्याच्याशी गप्पा मारायचा.

पण तोडलेल्या जागी कोवळी झुडपं आली. झुडपं खायला मूस नावाची थोराड हरणं आली, आणि मूसच्या मागून लांडगे. कॅरिबू कमी होऊ लागले. तेव्हा गावकरी आणि वनखात्याची माणसं एकत्र बसली. तळ्याभोवतीचं जुनं रान सलग राखायचं, तोड दुसरीकडे न्यायची आणि मला उकरून माझ्यावर झाडं लावायची, असं ठरत आलं. एझ्रा सगळ्याला हो म्हणाला, फक्त शेवटच्याला नाही.

"रस्ता गेला तर मी झोपडीवर कसा जाऊ? उडत?"

त्याची थोरली बहीण लुईझा चहा ओतत म्हणाली, "तुझं पोट बघता ते काही जमायचं नाही."

"ताई, थट्टा सोड. लांडगे ट्रकांनी आणले. मी काय केलंय?"

शेवटी मला न उकरता नुसते माझ्या तोंडाशी मोठाले धोंडे टाकले. ट्रक थांबले. एझ्राची बर्फगाडी मात्र धोंड्यांच्या फटीतून आत यायचीच. खरं सांगतो, मला बरं वाटायचं. एवढ्या मोठ्या रस्त्याला विचारणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

थंडी सरत आली होती. एके दुपारी एझ्रा तळ्याकडे निघाला आणि मध्येच थांबला. कालच त्याच्या गाडीने दाबून घट्ट केलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर लांडग्यांचे पंजे उमटले होते, एकामागे एक, शिस्तीत. बाजूच्या मऊ बर्फात एकही ठसा नव्हता. मित्रांनो, मऊ बर्फ ही कॅरिबूची तटबंदी असते. रुंद खुरांवर तो तरतो, लांडगा पोटापर्यंत रुततो. एझ्राने रोज येऊन-जाऊन त्या तटबंदीत दरवाजा केला होता.

पंजे तळ्यापर्यंत गेले होते. पुढे बर्फावर काय होतं, ते मी लहानांना सांगत नाही. मावशी पैलतीरावर उभी होती. एकटीच.

एझ्रा घरी आला आणि टोपी न काढताच बसला.

"नकट्या गेला, ताई. माझ्या गाडीच्या वाटेने गेले लांडगे."

लुईझाच्या ओठांवर एक टोमणा आला होता, तो तिने गिळला. तिने चहा पुढे केला. "मग? आता काय करशील?"

"उकरू दे त्यांना रस्ता."

"आणि झोपडी?"

"आई कशी जायची? पाणी मोकळं असताना नदीने, होडीतून. बर्फ पडायच्या आत परत."

"म्हणजे वल्ही मी मारायची!"

"तू नाही तर कोण? मला गुडघे आहेत."

"मला काय चाकं आहेत?"

बर्फ वितळल्यावर खोदणारं यंत्र आलं. त्याने मला जागोजागी उकरून ढिगारे केले, माझ्यावर ओंडके आडवे टाकले. दुखलं, नाही कसं म्हणू? मग एझ्रा आला. कण्हत-कुथत गुडघ्यांवर बसला आणि स्प्रूसचं पहिलं रोप त्याने माझ्या तोंडाशीच लावलं. माती दाबून मला दोनदा थोपटलं. "दमला असशील. झोप आता," म्हणाला. ट्रकवाल्यांच्या सगळ्या कौतुकापेक्षा मला ते थोपटणं मोठं वाटलं.

आता ती रोपं एझ्राच्या खांद्याला लागतात. परवा मावशी आली, शेजारी एक नवं पिल्लू. पूर्वी ती माझ्या कडेला थबकायची, कान टवकारायची, मग जीव मुठीत धरून पळत मला ओलांडायची. परवा ती थांबलीच नाही. चरत चरत, पिल्लाला ढुशी देत, सरळ पुढे गेली. इथे कधी रस्ता होता, हे तिच्या गावीही नव्हतं.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला म्हणतील, आम्हाला पुसा, जपा, विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. माझ्यावर पाऊल टाकू नका, मला विसरा. आणि कधी पांढऱ्या माशांच्या तळ्याकडे होडीने आलात, मला खूप शोधलंत, आणि मी कुठेच सापडलो नाही, तर समजा, मी अगदी सुखात आहे.