मानेसर नावाचं बेट

माझा धाकटा भाऊ सुधन्वा फिलिपाइन्सला डॉक्टर व्हायला निघाला, तेव्हा दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळाने त्याला शाल आणि नारळ दिला. ज्या बेटावर नारळ डोक्यात पडेल म्हणून लोक वर बघत चालतात, तिथे हा दिल्लीहून नारळ घेऊन गेला. तिथल्या विमानतळावर नारळ जप्त झाला. शाल मात्र जाऊ दिली.

सत्काराला बाबा गहिवरले होते. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत आणि एरवी ते फक्त फायलींवर बोलतात. मंडळाचे अध्यक्ष सूर्यकांतकाका माइकवरून म्हणाले, "आपल्या सेक्टरातला पहिला परदेशी डॉक्टर!" सुधन्वाची तेव्हा नुसती बॅग भरून झाली होती. टाळ्या मात्र पूर्ण डॉक्टरला पडल्या.

गेल्यावर तो रोज व्हिडिओ कॉल करायचा. भिंतीवर हातभर लांबीची पाल होती, ती रात्री मोठ्याने बोलायची. दोरीवर टाकलेले कपडे वाळायच्या ऐवजी आणखी ओले व्हायचे. शालीला बुरशी आली. आई म्हणाली, "हळद लाव." कशाला, ते तिने सांगितलं नाही.

"जेवतोस ना?"

"हो."

"काय असतं?"

"भात."

"अच्छा, मग बिल्कुल घरच्यासारखंच आहे की!"

मग हळूहळू कॉलमध्ये त्याचा चेहरा कमी आणि छत जास्त दिसायला लागलं. आईला वाटलं, नेटवर्क.

एका सोमवारी त्याचा मला फोन आला.

"दादा, कुठेयस?"

"कंपनीत. मानेसरला."

"मी गेटवर आहे."

मानेसर म्हणजे दिल्लीपासून तासाभरावरचं कारखान्यांचं गाव; तिथे मी गाड्यांचे आरसे बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर आरशात बघायचं आणि खोट दिसली की लाल स्टिकर लावायचा, हे माझं काम. गेटवर सुधन्वा उभा होता. पायाशी बॅग, हातावर हिरवट झालेली शाल. माझ्या खिशात स्टिकर होते. मी हात बाहेरच ठेवला.

"रॅगिंग झालं का?"

"नाही रे. सगळे चांगले आहेत."

"मग अभ्यास झेपेना?"

"अभ्यासापर्यंत गेलोच नाही." तो गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याकडे बघत बोलत होता. "सकाळी डोळे उघडले की ती खोली छातीवर येऊन बसायची. उठताच यायचं नाही. आधी एक लेक्चर बुडलं, मग सगळीच. आज विमान आपल्या सोसायटीवरूनच उतरलं, दादा. बाल्कनीत आपली निळी चादर वाळत होती. मी इतका रडलो की शेजारच्या बाईने मला तिचं सँडविच दिलं."

"चल मग. घरी जाऊ."

"आणि बाबांना काय सांगू? शाल परत घ्या?" त्याने शालीकडे बघितलं. ती परत घेण्याच्या अवस्थेत नव्हती. "थोडे दिवस राहू दे तुझ्याकडे. मीच सांगतो."

तर असा सुधन्वा माझ्या भाड्याच्या खोलीत आला. आईबाबा तिथे कधी येत नाहीत, शनिवारी मीच द्वारकेला जातो. पहिल्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तो सांगणार होता, पण आईच हसत म्हणाली, "आज किती दिवसांनी तोंड दिसलं तुझं!" मग त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नर्सरीतून केळीचं रोप आणून त्याच्या मागे ठेवलं. आई म्हणाली, "हवा मानवली हं तुला तिथली."

खरंच, परदेशात तो मानेसरला आल्यावर रुळला. घड्याळ तिकडचंच ठेवलं होतं. आमच्या आधी अडीच तास जेवायला बसायचा.

"यार, इथे कोण बघतंय?" मी म्हटलं.

"सवय मोडायला नको."

बसायचा, जेवायचा मात्र नाही. मी कंपनीच्या बसमधून उतरून यायचो तेव्हा ताट झाकलेलं असायचं आणि तो जसा सकाळी पडलेला होता तसाच पडलेला. केळीला पाणी घालायचा, तेवढंच. केळीला नवीन पान फुटलं. "उद्या सांगतो," तो रोज म्हणायचा. मला विनोद सुचेनासे झाले. आमच्या घरात असं आधी फक्त आजोबा गेले तेव्हा झालं होतं.

मग गणपती आले आणि बाबांना कल्पना सुचली. रविवारी दुपारच्या आरतीला सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा आणि सुधन्वाने साता समुद्रापलीकडून आरती करायची.

मी हॉलमध्ये आईशेजारी उभा होतो. पडद्यावर भिंतीएवढा सुधन्वा आला. निरांजन हातात, मागे केळ. आईने डोळे पुसले. पहिली आरती नीट झाली. दुसरीच्या मध्यावर त्याच्या खिडकीखालून टेंपो गेला आणि भोंगा सगळ्या हॉलभर घुमला, "आलू ले लो, प्याज ले लो, आलूऽऽ!"

टाळ्या थांबल्या. झांजवाल्याची झांज तशीच उघडी राहिली. पडद्यावर सुधन्वाने निरांजन खाली ठेवलं. मला बरंच वाटलं, सुटला एकदाचा.

"बाबा," तो म्हणाला, "मी मानेसरला आहे. मला घरी यायचंय."

बाबांच्या हातात माइक होता. ते पडद्याकडे बघत राहिले. एवढा मोठा चेहरा, त्यात डोळ्यांखालचं काळं लपत नव्हतं. मग बाबा हसले. "बघा," माइकवरून म्हणाले, "इतक्या लांब गेला तरी पोराची थट्टा काही गेली नाही!"

हॉलमध्ये हशा फुटला. सूर्यकांतकाका म्हणाले, "आणि आपला भाजीवाला तिथेही पोचला! चलो, घ्या शंकराची!" टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. आईसुद्धा हसत होती. पडद्यावर सुधन्वाचे ओठ हलत होते, पण झांजेत काही ऐकू आलं नाही. शेवटी सूर्यकांतकाकांनी त्याला मंडळाचा परदेशस्थ प्रतिनिधी नेमल्याचं जाहीर केलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

बाबा मला पार्किंगमध्ये घेऊन गेले. त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता.

"पंखा आहे का खोलीत?"

"कुणाच्या?"

त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला.

"आहे," मी म्हटलं.

"जेवतो?"

"नाही. बाबा, त्याला बरं नाहीये. मी आत्ता जाऊन घेऊन येतो."

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात रे." ते डब्याचं झाकण घट्ट करत होते, ते आधीच घट्ट होतं. "आता त्या परत कशा द्यायच्या? ही खिरापत दे त्याला. आईला कळता कामा नये."

"आणि त्याला सांगू काय?"

"कोर्स पाच वर्षांचा आहे ना?" बाबा म्हणाले, आणि हॉलमध्ये पंगतीचं बघायला गेले.

मानेसरला पोचलो तेव्हा सुधन्वा केळीसमोर बसला होता. निरांजन अजून जमिनीवरच होतं.

"खरं वाटलं का कुणाला?"

मी डबा पुढे केला. त्याने घाईघाईने झाकण काढलं आणि बकाणा भरला. कितीतरी दिवसांनी मी त्याला चावताना बघत होतो.

"आईने दिली?"

"बाबांनी."

तो चावायचा थांबला. बराच वेळ तोंडात तसंच धरून बसला. मग गिळलं, झाकण लावलं आणि डबा कुंडीमागे सरकवला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा.

आईचा कॉल आला. "काय रे नाटकं तुझी! घाबरलेच मी क्षणभर. संध्याकाळ झाली असेल ना तिकडे?"

खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं. तो उठला, पडदा ओढला, कड खिळ्याला नीट अडकवली.

"हो आई," तो म्हणाला. "अंधार पडायला लागलाय."